जिनवाल्याचा हिशोब आपल्या खरेदी विभागात कसा आणायचा?

पत्र जळगावहून आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"मी एमआयडीसीतल्या प्लास्टिक चटईच्या कारखान्यात खरेदीप्रमुख आहे. महिन्याची खरेदी साधारण दीड कोटीची. हाताखाली पाच जण. एक आबा, बावीस वर्षांपासून इथेच, स्टोअरमधून वर आलेले, सगळे पुरवठादार त्यांना नावानं ओळखतात. दोन मुलं बी.कॉम. झालेली, दिवसभर पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) काढतात आणि माल कुठे अडला ते फोनवर विचारतात. एक मुलगी प्लास्टिक डिप्लोमावाली, दोन वर्षांपूर्वी लागली. एक जण अकाउंट्समधून आमच्याकडे टाकलेला. मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आलाय. त्याचं म्हणणं, आपल्याला 'स्ट्रॅटेजिक सोर्सिंग'ची टीम हवी आणि ही माणसं त्या कामाची नाहीत. एका सल्लागाराचं कोटेशन टेबलावर आलंय, शिवाय मुंबईहून दोन माणसं घ्यायचा विचार चाललाय. माझी माणसं हे शिकू शकतील का? की मी मायेपोटी त्यांची बाजू घेतेय? सुरुवात कुठून करू? – एक खरेदीप्रमुख, जळगाव"

ताई,

शिकू शकतील. हे तुमचं मन राखायला लिहीत नाही. खरेदीच्या टेबलावर माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली बरीच खान्देशात. म्हणून लिहितो. पण कशी शिकतील, याबद्दल मालकांच्या मुलाचा समज आणि तुमचाही समज थोडा बदलावा लागेल.

आधी त्या मोठ्या शब्दाचं बघू. तुमची मुलं रोज करतात ती खरेदी: माल संपत आला, तीन कोटेशनं मागवली, कमी भाववाल्याला ऑर्डर दिली, गाडी आली का विचारलं. सोर्सिंगवाला माणूस त्याच मालाबद्दल वेगळं विचारतो. हा माल बनतो कशापासून? त्याच्या भावात कच्चा माल किती, वीज किती, भाडं किती, नफा किती? तो बनवणारा माणूस उद्या बंद पडला तर आपलं काय? पुढची दोन-तीन वर्षं आपण याच्याकडूनच घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठल्या बोलीवर? एवढंच आहे ते. आणि हे खान्देशाला कुणी मुंबईहून येऊन शिकवायची गरज नाही.

जिनिंगवाला, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारा, कापसाचा भाव कसा ठरवतो ते आठवा. त्याच्या डोक्यात आधी रुईचा भाव असतो. समजा रुई खंडीला ५६,००० रुपये आहे. खंडी म्हणजे ३५६ किलो, म्हणजे किलोला साधारण १५७. एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघाली तर ती झाली ५,३४८ रुपयांची. ६४ किलो सरकी, किलोला ३५ धरली तर २,२४०. उरलेले दोन किलो घट. बेरीज ७,५८८. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, भाडं, पैशाचं व्याज आणि आपला नफा असे ४०० काढले, की त्याला कळतं साधारण ७,२०० च्या वर बोलायचं नाही. मग तो कापसात हात घालून ओलावा बघतो, कवडी (खराब, न उमललेला कापूस) किती आहे बघतो आणि त्यातले शंभर-दोनशे कमी करतो. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, पण हिशोबाची रीत खरी आहे आणि जिनवाला तो कागद न घेता करतो. पुण्याच्या वर्गात यालाच 'शुड-कॉस्ट' म्हणतात: विकणारा काय मागतो ते बाजूला ठेवून, हा माल मुळात कितीला पडायला हवा ते आपण काढायचं.

रावेर-सावद्याचा केळीवाला शेतकरी बघा. त्याला आज बऱ्हाणपूरला काय निघालं ते माहीत असतं, बोर्डाचा, म्हणजे जाहीर झालेला, भाव माहीत असतो, आणि व्यापारी बोर्डापेक्षा किती कमी देतोय तेही माहीत असतं. भाव एका जाहीर आकड्याला बांधायचा आणि भांडण फक्त त्याच्या वर-खालच्या फरकावर करायचं, ही करारातली फार वरच्या दर्जाची समज आहे. तुमच्या त्या दोन मुलांपैकी एखाद्याच्या घरी केळी किंवा कापूस असेलच. घरी वडिलांसोबत मार्केटला गेला की तो हे सगळं करतो. ऑफिसात खुर्चीवर बसला की तीन कोटेशनं मागवतो. कारण ऑफिसात त्याला हिशोब कुणी विचारलाच नाही, फक्त 'माल कधी येतो' एवढंच विचारलं.

म्हणून माझं म्हणणं हे: कौशल्य बाहेरून विकत आणण्याआधी, घरचं आहे ते टेबलावर आणा, त्याला कागद द्या, आकडे द्या आणि अधिकार द्या. कागद आणि आकडे सोपे. अधिकार देणं मालकांना जड जाईल, त्याबद्दल पुढे बोलतो.

सुरुवात खोक्यापासून करा. दाण्यापासून नको. पीपी दाणा, म्हणजे चटईसाठी लागणारा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा कच्चा माल, तुमचा सगळ्यात मोठा खर्च असणार, म्हणून सगळे तिथेच धावतात, पण शिकायला तो वाईट आहे. त्याचा भाव कच्च्या तेलावर, डॉलरवर, बड्या उत्पादकांच्या दर-परिपत्रकावर हलतो, आणि नवशिक्याला आपल्या हाती काहीच नाही असं वाटून तो हिरमुसतो. खोकं समोर ठेवता येतं, फाडता येतं, वजनकाट्यावर टाकता येतं.

निर्यातीच्या मालाचं एखादं पाच पदरी खोकं घ्या. समजा ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचं आहे. उलगडलं की पत्रा साधारण २०४ सेंटिमीटर लांब, ८२ रुंद, म्हणजे १.६७ चौरस मीटर. तीन सपाट पदर १२० जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम), झाले ३६०. दोन नालीचे पदरही १२० चेच, पण नाली पाडताना कागद जास्त लागतो, म्हणून १.४ नं गुणायचं, झाले ३३६. एकूण ६९६. गुणाकार केला की खोक्याचं वजन येतं १ किलो १६० ग्रॅमच्या आसपास. कागद ३६ रुपये किलो धरला तर ४२ रुपयांचा कागद. त्यावर बनवणावळ, गोंद, पिना, कापताना जाणारी कातरण, छपाई, भाडं, त्याचा नफा मिळून किलोमागे १२ धरा, म्हणजे १४ रुपये. खोकं ५६ ला पडायला हवं. तुमच्या बिलात ६८ असेल तर हे बारा रुपये कशाचे, हा प्रश्न आता विचारता येतो. ५२ असेल तर तो प्रश्न आणखी महत्त्वाचा. मग खोकं काट्यावर टाका. कोटेशनमध्ये १२० जीएसएम लिहून १०० चा कागद लावला की वजन सांगतंच. फक्त पावसाळ्यात काटा फसवतो, कागद हवेतला ओलावा पितो आणि हलका कागद जड दिसतो, म्हणून ओलावा मोजल्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही.

हे काम पीओ काढणाऱ्या एका मुलाला द्या. तीन आठवडे द्या. त्यानं खोकेवाल्याच्या कारखान्यात जाऊन एक दिवस उभं राहायचं, कागदाचा रोल कुठून येतो, कातरण किती निघते, एका वेळी किती खोकी काढली तर मशीनची जुळवाजुळव परवडते ते बघायचं. त्याला तिथे एक गोष्ट हमखास कळेल: तुम्ही आठवड्याला तीनशे-तीनशे अशा चार मापांची खोकी मागवता, म्हणून ती महाग पडतात. चारची दोन मापं केली आणि महिन्याचा आकडा आधी सांगितला तर भाव कुणाशीही न भांडता उतरतो. ज्या दिवशी त्या पोराला हे स्वतःच्या हिशोबातून दिसेल त्या दिवसापासून तो पीओ काढणारा राहणार नाही. मी हे घडताना पाहिलंय. चेहरा बदलतो माणसाचा.

हे चालू असताना अकाउंट्समधून आलेल्या माणसाला गेल्या बारा महिन्यांची खरेदी वस्तूवार काढायला लावा. सोपं वाटतं, पण महिना जाईल. टॅलीत एकच माल पाच नावांनी पडलेला असतो: 'दाणा नॅचरल', 'पीपी नॅच.', 'नॅचरल दाणा आबांचा'. ही साफसफाई कंटाळवाणी आहे, पण ती केल्याशिवाय आपण कुणाकडून वर्षाला किती घेतो हेच माहीत नसतं, आणि ते माहीत नसताना बोलणीला बसणं म्हणजे उघड्या पानांनी पत्ते खेळणं. तुम्ही 'टाकलेला' असं लिहिलंत त्या माणसाबद्दल. मला तर तो तुमच्या टीमचा पाया वाटतो.

यादी हातात आली की सगळ्यांना एकत्र बसवा आणि १९८३ साली पीटर क्राल्यिच (Kraljic) यांनी मांडलेली चार घरं फळ्यावर काढा. एका बाजूला पैशाचं वजन, दुसऱ्या बाजूला माल न मिळण्याचा धोका. शिलाईचा दोरा, स्टेशनरी, झाडू-फिनेल यांत ना पैसा ना धोका, तिथे डोकं घालवायचं नाही, वर्षाचा एक दर ठरवून मोकळं व्हायचं. खोकी आणि पिशव्यांत पैसा आहे पण विकणारे भरपूर, तिथे घासाघीस करायची. दाणा तिसऱ्या घरात, पैसाही मोठा आणि धोकाही. आणि एक घर असं असतं जे सगळे विसरतात: मागाचा तो दीडशे रुपयांचा सुटा भाग, जो एकाच ठिकाणी मिळतो आणि नसला की माग दोन दिवस उभा राहतो. त्यावर भाव करत बसणाऱ्या माणसाला धोका कळलेलाच नाही. तिथे दोन जादा घेऊन ठेवायचे आणि जवळपासच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तो बनवता येतो का ते बघायचं. कुठली वस्तू कुठल्या घरात यावर तुमच्या टीममध्ये वाद होईल. होऊ द्या. आबा आणि ती डिप्लोमावाली मुलगी यांचा वाद झाला तर फारच उत्तम, कारण एकाला पुरवठादार माहीत आहे आणि दुसरीला माल.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी रिप्रोसेस दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून बनवलेला, घेत होतो. नवा पुरवठादार मिळाला, किलोमागे चार रुपये कमी. पंधरा टन घेतला, साठ हजार वाचवले आणि महिन्याच्या बैठकीत तो आकडा अभिमानानं वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात मागावर धागा तुटायला लागला. दर पाळीत माग थांबायचे, कारागीर गाठी मारत बसायचे, वाया गेलेला धागा पोत्यांनी साचला. ऑर्डर नऊ दिवस उशिरा गेली. साठ हजाराच्या कितीतरी पट गेले, पण ते माझ्या खात्यात दिसले नाहीत, उत्पादनाच्या खात्यात दिसले. मला त्याबद्दल कुणी रागावलंही नाही. ते मला सांगितलं मागावरच्या एका कारागिरानं, जेवणाच्या सुट्टीत: "साहेब, हा दाणा हातात घेतला तरी कळतं, जड आहे, खडू आहे याच्यात." मी त्याला आधी विचारलं असतं तर. त्या दाण्यात कॅल्शियम भरपूर होतं. राख चाचणीत तासाभरात कळलं असतं.

म्हणून तुमच्या पाचही जणांना दोन-दोन आठवडे एक्स्ट्रूडरवर (दाणा वितळवणाऱ्या मशीनवर) आणि मागावर बसवा. बघायला नाही, पाळी करायला. आणि त्या मुलीकडे दाण्याची तपासणी पूर्ण सोपवा: प्रत्येक लॉटचा मेल्ट फ्लो (वितळल्यावर किती सहज वाहतो), राख, ओलावा, आणि त्या लॉटवर मागाला किती वेळा धागा तुटला, हे एका तक्त्यात शेजारी-शेजारी. सहा महिन्यांचा असा तक्ता झाला की 'स्वस्त दाणा' कुणाचा हे तुम्ही भावावरून ठरवणार नाही. तिला आणखी शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लास्टिकचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, आणि जळगावातच विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्लास्टिकची माणसं आहेत. एखाद्या प्राध्यापकाला भेटा, विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून तुमचाच प्रश्न द्या.

नव्या दाण्यावर भाव तोडता येतो का? उत्पादकाशी नाही. पण मात्रेची सूट, रोखीची सूट, उधारीचे दिवस, भाडं, कुठला ग्रेड खरंच लागतो, या पाच जागी हात घालता येतो. डीलरशी बोलताना परिपत्रकाचा दर हा आपला 'बोर्डाचा भाव' समजायचा आणि त्याच्या वर-खाली किती, एवढंच लिहून ठरवायचं. भाव वाढणार म्हणून गोदाम भरून ठेवण्याचा मोह मात्र टीमला लावू नका. तो सट्टा आहे, आणि सट्टा जिंकला की माणूस त्यालाच कौशल्य समजायला लागतो.

कायद्याचं थोडंसं, कारण खरेदीवाल्यांना हे अकाउंट्सचं काम वाटतं. तुमचे खोकेवाले, सुटे भाग बनवणारे बहुतेक उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असतील. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानं त्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि २०२३ च्या वित्त कायद्यापासून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देऊ तेव्हाच धरता येते. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे लागू नाही. म्हणजे 'नव्वद दिवसांची उधारी मिळवली' हे ज्याच्याकडून मिळवली त्यावर शहाणपण की नुकसान ते ठरतं. जीएसटीचंही तसंच, पुरवठादारानं आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलं नाही तर ते आपल्या २बी या जीएसटी पत्रकात दिसत नाही आणि आपलं क्रेडिट अडकतं. दोन टक्के स्वस्त देणारा पण विवरणपत्र वेळेवर न भरणारा माणूस महाग पडतो. अकाउंट्समधल्या त्या माणसानं एका दुपारी सगळ्यांना हे शिकवावं. बाहेरचा वक्ता बोलावू नका.

वाटाघाटीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मालकांच्या मुलाच्या मनात सोर्सिंग म्हणजे तेच असणार. आपल्याकडे पुरवठादार आला की आधी चहा, मग घरचं कसं काय, पाऊस कसा, मग "भाव काय शे आप्पा?" ही पद्धत मोडू नका, तिच्यात विश्वास आहे. फक्त चहाच्या आधी एक पान लिहून ठेवायची सवय लावा. आपल्याला काय हवं, त्याला काय हवं असेल, आपल्या हिशोबानं माल कितीला पडतो, आणि हा नाही म्हणाला तर आपण कुणाकडे जाणार. शेवटची ओळ कोरी असेल तर त्या दिवशी भावावर बोलायचं नाही, आधी दुसरा पुरवठादार शोधायचा. महिन्यातून एकदा सराव करा: आबा पुरवठादार होतील, मुलं खरेदीवाली. आबांनी बावीस वर्षांत ऐकलेली प्रत्येक सबब त्यांच्यापुढे टाकावी. असा वर्ग जगात कुठे पैसे देऊन मिळत नाही.

आणि आता आबांबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच दिसली.

आबांचं सगळं फोनमध्ये आणि डोक्यात आहे. कोण दिवाळीच्या आधी पैशाला तंग असतो, कोणाचा मुलगा धंदा बघायला लागलाय आणि माल बिघडलाय, कोण शब्दाचा पक्का. नवी टीम, नवा तक्ता, नवी फळी आली की आबांना पहिल्यांदा वाटणार की आपली गरज संपली. मग ते मदत करणार नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांना 'तुमची माहिती सिस्टिममध्ये टाका' असं सांगू नका. प्रत्येक पुरवठादाराच्या कारखान्याला मुलांना घेऊन जायचं काम आबांचं करा. गाडीत जाताना-येताना ते जे बोलतील ते मुलानं रात्री एका पानावर लिहायचं आणि सकाळी आबांना वाचून दाखवायचं. आबा दुरुस्त करतील. सहा महिन्यांत चाळीस पुरवठादारांची चाळीस पानं तयार होतील आणि प्रत्येक पानावर आबांचं नाव असेल. पगारवाढीच्या वेळी ही पानं मालकांपुढे ठेवा, आणि या कामाचा वेगळा मोबदला मागा.

त्याच्या जोडीला एक अवघड गोष्ट. बावीस वर्षांच्या ओळखीत कधीतरी लोक कमिशनबद्दल कुजबुजतात, खरं असो वा नसो. तुम्ही कुणावर संशय न घेता नियम सगळ्यांसाठी एकदम लावा, स्वतःपासून. दिवाळीची भेट ऑफिसात येईल आणि सगळ्यांत वाटली जाईल. दर ठरवण्याच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील. एक वस्तू एका माणसाकडे दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही. अशानं आबांसारख्या सरळ माणसाचं रक्षण होतं.

आता वेळ. हे सगळं रोजचे पीओ आणि 'गाडी कुठे आहे'चे फोन सांभाळून होणार नाही, हे मी खात्रीनं सांगतो. बहुतेक ठिकाणी शिकण्याचा उत्साह इथेच मरतो. दोन मुलांपैकी एकाकडे सहा महिने फक्त पाठपुरावा द्या, दुसऱ्याला त्यातून पूर्ण मोकळा करा, मग अदलाबदल. आठवड्यातली एक सकाळ अशी ठेवा की त्या वेळी खरेदी विभागाचा फोन स्टोअरवाले उचलतील. उत्पादनवाले ओरडतील, पहिले दोन महिने ओरडू द्या. आणि या टीमला केवळ 'किती वाचवले' या आकड्यानं मोजू नका, नाहीतर ती माझ्यासारखा चार रुपये स्वस्त दाणा आणेल. माग किती तास मालावाचून थांबले, लॉट किती परत गेले, एकट्या पुरवठादारावर अवलंबून असलेल्या वस्तू किती कमी झाल्या, हेही त्याच पानावर असू द्या.

सल्लागाराला नाही म्हणू नका. मालकांच्या मुलाशी त्यावर भांडलात तर तो तुम्हाला जुन्या बाजूची समजेल, आणि त्याचं म्हणणं पूर्ण चूक नाहीच, विभाग बदलायला हवाच आहे. अट फक्त अशी घाला: तो जे काही करेल ते तुमच्या दोन माणसांच्या शेजारी बसून करेल, आणि जाताना तक्ते, सूत्रं, पुरवठादारांच्या फायली सगळं इथे उघडं ठेवून जाईल. बचतीच्या टक्क्यावर त्याला पैसे देऊ नका. तो पहिल्या वर्षी भाव दाबून जाईल आणि दुसऱ्या वर्षी तुमचे पुरवठादार तोंड फिरवतील. मुंबईच्या दोन पगारांतला एक आधी तुमच्या पाच जणांच्या शिक्षणाला आणि पगाराला लावा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, एखाद्याला फी भरून बसवता येईल, पण खोक्याचं पान पूर्ण केलेल्यालाच. आधी हात चालू द्या, मग पुस्तक समजतं.

एक भीती तुमच्या मनात असेलच: शिकवलं आणि पोरगा पुण्याला गेला तर? जाईल एखादा. चाकणला दीडपट पगार मिळतो हे त्यालाही दिसतं. पण माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी जे पैशासाठी गेले त्यांच्यापेक्षा जे 'इथे मला फक्त फोन करायला ठेवलंय' म्हणून गेले ते जास्त होते. ज्याला स्वतःचं खातं आहे, ज्याच्या सहीनं दर ठरतो, ज्याचं म्हणणं मालक ऐकून घेतात, तो संध्याकाळी घरी भाकरी खायला मिळणारं गाव सहज सोडत नाही. म्हणून अधिकाराचं म्हणालो. मालकांकडून एवढं एकच मागून घ्या: एका ठराविक रकमेपर्यंत, ती वस्तू ज्याच्याकडे आहे त्या माणसानं हिशोबाचं पान जोडून ठरवलेला दर कुणीही वरून फोन करून बदलायचा नाही. मालकांच्या ओळखीचा पुरवठादार असला तरी. हे मिळालं नाही तर बाकी सगळं शिकवूनही माणसं पुन्हा तीन कोटेशनांवर येतील.

हे मागायला मोकळ्या हातांनी जाऊ नका. आधी खोक्याचं पान होऊ द्या. या सोमवारी निर्यातीचं एक खोकं, एक पट्टी आणि स्टोअरचा काटा टेबलावर ठेवा, आबांना आणि त्या मुलाला बोलवा, आणि खोकं त्यालाच फाडू द्या. पान पूर्ण झालं की मालकांच्या मुलाला ते तुम्ही समजावू नका, त्या पोरालाच समजावू द्या. तुम्ही शेजारी बसा. काय झालं ते मला नक्की कळवा.